वाचक विचारतात : शनि-रविची फोटो कार्यशाळा

या वेळी टपालात इंदूरची पत्रे जास्त आहेत आणि त्यातली बरीचशी एकाच विषयाभोवती फिरतात : शनिवार-रविवारची फोटोग्राफी कार्यशाळा. काही जण नाव नोंदवण्याच्या विचारात आहेत, काही जाऊन आले आणि फोटो बघून खट्टू झाले. प्रश्न थोडे आवरून घेतले आहेत. शब्द मात्र कॅमेऱ्याच्या दुकानात बोलतात तेच ठेवलेत. 'छिद्रमान' म्हटले तर काउंटरपलीकडचा माणूस आपल्याकडे बघतच राहील.

प्रश्न : दोन दिवसांच्या कार्यशाळेची जाहिरात पाहिली. कॅमेरा नवा आहे, सोबत १८-५५ ची लेन्स. आजवर 'ऑटो'वरच चालवला. दोन दिवसांत खरेच काही येते का? फी भरण्याआधी काय विचारावे? — एक वाचक, सुदामानगर

येते, पण थोडेच येते, आणि तेवढे पुरते. शटर (उजेड किती वेळ आत येतो), अपर्चर (लेन्सचे भोक किती उघडे) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती दाद देतो) यांचा आपसातला हिशेब, फोकस नेमका कुठे बसवायचा ते, आणि बटण दाबण्याआधी उजेड कुठून येतोय हे बघण्याची सवय. लग्नाचे फोटो, स्टुडिओचे दिवे, संगणकावरची रंगसफेदी आणि 'फोटोतून कमाई' हे सगळे त्याच पत्रकात छापले असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण-पाऊण तास येईल आणि पदरात काही पडणार नाही.

फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. एका शिकवणाऱ्यामागे शिकणारे किती? दहा-बारापर्यंत ठीक, पुढे ती सभा होते. एकूण तासांपैकी कॅमेरा हातात घेऊन किती? निम्म्याहून कमी असतील तर तेवढे घरी बसून व्हिडिओवरही बघता येते. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची : रविवारी तुम्ही स्वतः काढलेले फोटो पडद्यावर लावून त्यांतल्या चुका दाखवणार का? चांगल्या कार्यशाळेचे पैसे या शेवटच्या दोन तासांत वसूल होतात. प्रमाणपत्राची चौकशी करू नका, ते सगळेच देतात.

वेळापत्रकही मागून घ्या. एप्रिलमध्ये बाहेरचा फेरफटका ११ ते ३ ठेवला असेल, तर तो जेवणाच्या सोयीने आखलाय, उजेडाच्या नव्हे. त्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि भिंतींचा रंग उडालेला दिसतो.

जाण्याआधी हिशेब एकदा कागदावर करून बघा. अपर्चरचे आकडे (बोलताना आधी 'एफ' लावतात) २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढतात आणि दर पायरीला, म्हणजे दर 'स्टॉप'ला, उजेड निम्मा होतो. शटर १/२५० चे १/५०० केले की पुन्हा निम्मा. आयएसओ १०० चा २०० केला की फोटो दुप्पट उजळ. म्हणून एफ ८ आणि १/२५०, किंवा एफ ५.६ आणि १/५००, दोन्हीत फोटो सारखाच उजळ येतो. दुसऱ्यात पाठीमागचे जास्त धूसर होते आणि पळणारे पोर जास्त नेमके थांबते, एवढाच फरक. माळव्यातल्या निरभ्र दुपारी आयएसओ १००, एफ १६, शटर १/१०० हा जुना ठोकताळा कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर न बघताही चालतो. त्याचेच एफ ८ आणि १/४०० होते.

घरचा अभ्यास : ओटल्यावर लोणच्याच्या तीन बरण्या तिरक्या रांगेत, एकमेकींपासून हातभर अंतराने ठेवा. लेन्स ५५ वर, मोड 'ए' किंवा 'एव्ही' (अपर्चर तुम्ही ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवतो), फोकस मधल्या बरणीवर. एक फोटो एफ ५.६ ला, एक एफ १६ ला. दुसऱ्या वेळी शटर मंदावेल आणि हात हलल्याचे दिसेल, तेव्हा कॅमेरा पाटावर टेकवा. हे दोन फोटो शेजारी ठेवून बघितलेत, तर शनिवारची सकाळ अर्धी झालीच समजा.

प्रश्न : वय ६८. कार्यशाळेत आयपीसमधून बघितले की सगळे धुरकट दिसायचे, फोटो मात्र मागच्या पडद्यावर स्पष्ट. लेन्स बिघडली का? — एक निवृत्त शिक्षिका, रामबाग

बाई, लेन्स उत्तम आहे. आयपीसच्या बाजूला एक लहानसे दातेरी चाक असते, त्यावर अधिक-उणेची खूण. ते कॅमेरा पिशवीत घासला की आपोआप फिरते. चष्मा घालून फोटो काढणार असाल तर चष्मा घाला, नसाल तर काढा. मग लेन्सकडे लक्ष न देता आयपीसमध्ये दिसणारे आकडे आणि चौकटीच्या रेषा बघा. त्या काळ्याकुळकुळीत, धारदार दिसेपर्यंत चाक फिरवा. चाकाची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा किंवा वर चिकटपट्टीचा तुकडा लावा. नंबर फार मोठा असेल तर चाक पुरत नाही. मग चष्मा घालूनच बघायचे. चष्म्याच्या काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून आयपीसची रबरी कड बसवलेली असू द्या.

प्रश्न : मी अकरावीत आहे. माझ्याकडे फक्त फोन आहे. आयोजक म्हणतात चालेल. खरेच चालेल? — एक विद्यार्थी, राजेंद्रनगर

चालेल, पण अपर्चरच्या वर्गात तुला नुसते बसून राहावे लागेल, हे आधीच माहीत असू दे. बहुतेक फोनच्या लेन्सचे अपर्चर बदलता येत नाही. 'पोर्ट्रेट'मध्ये मागचे धूसर दिसते ते फोन हिशेबाने रंगवतो, म्हणून केसांच्या कडा आणि चष्म्याच्या काड्या अर्धवट खाल्लेल्या दिसतात. बाकी उजेड, चौकट, क्षण हे सगळे फोनवर तेवढेच शिकता येते.

तीन सवयी लाव. फोटो काढण्याआधी लेन्स सुती कापडाने पूस. रात्रीच्या फोटोत दिव्यांभोवती पसरलेली प्रभावळ दिसते ती बहुतेक वेळा बोटाच्या तेलाची असते. पडद्यावर दोन बोटे ताणून जवळ आणू नकोस, दोन पावले पुढे जा. आणि ज्यावर फोकस हवा तिथे बोट दाबून धर. फोकस आणि उजेड कुलूपबंद झाले की बोट खाली ओढून फोटो जरा काळसर कर. आकाश पांढरेफटक जाणे यातच निम्मे थांबते.

प्रश्न : शनिवारी रात्री सगळ्यांना सराफ्यात (रात्रीच्या खाऊगल्लीत) नेले. माझे फोटो पिवळे, माणसांचे डोळे काळे, काही फोटोंवर आडवे पट्टे, आणि हात हललेले. ५० मि.मी. एफ १.८ लेन्स होती, तरी असे का? — एक वाचक, टिळकनगर

सराफ्याची रात्र शिकाऊ माणसाला एकदम चार पेपर देते, त्यामुळे नापास होणे साहजिक आहे. एकेक पेपर घेऊ.

आडवे पट्टे आधी, कारण कॅमेरा बिघडला म्हणून लोक दुकानात धावतात ते याच्यामुळेच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. शटर १/५०० ठेवले की फोटोचा वरचा भाग दिवा तेज असताना टिपला जातो आणि खालचा मंद असताना, म्हणून पट्टे. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर ते आणखी ठळक येतात. उपाय दोन : शटर यांत्रिक करा आणि वेग १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे चढ-उताराचे पूर्ण फेरे टिपले जातात. काही कॅमेऱ्यांच्या मेन्यूत फ्लिकर (दिव्याची ही मंद-तेज लुकलुक) घालवण्याची सोय असते, ती चालू करा. फोनमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय असला तर तो निवडा.

आता १/१०० ला समोरच्या माणसाचा हात हललेला येणार, हे ओघाने आलेच. तिथे वेग वाढवण्यापेक्षा क्षण निवडायचा. गराडूचा ठेला घ्या (तळलेल्या कंदाचे तुकडे, हिवाळ्यातच मिळतात, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी). तळणारा झाऱ्याने तुकडे उचलतो, तेल निथळावे म्हणून कढईच्या काठावर झारा टेकवतो आणि अर्धा सेकंद थांबतो. मग तुकडे वाटीत पडतात, वरून मसाला, आणि लिंबू पिळताना बोटांची मूठ पुन्हा स्थिर होते. या दोन ठिकाणी १/१०० पुरते. मसाला उडवताना मात्र पुरत नाही, तिथे मनगट धूसर येऊ द्या, चेहरा स्थिर असला म्हणजे झाले. चार-पाच घाणे नुसते बघा, कॅमेरा खाली ठेवून. प्रत्येक तळणाऱ्याचा एक ठेका असतो. तो कळला की बटण कधी दाबायचे हे आपसूक कळते.

डोळे काळे येतात ते दिवा डोक्यावर टांगलेला असल्यामुळे. समोर उभे राहून हे सुटत नाही. ठेल्याच्या कोपऱ्याला या, साधारण मीटरभर अंतर ठेवून, आणि तळणारा कढईत वाकतो तेव्हा नव्हे तर गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघतो तेव्हा टिपा. वरचा उजेड तेव्हा डोळ्यात उतरतो. स्टीलची परात किंवा पांढरी प्लेट समोर असेल तर तिच्यावरून परतलेला उजेड हनुवटीखालची सावली भरून काढतो. वाफ हवी असेल तर उलट बाजू घ्यावी लागेल : दिवा वाफेच्या पलीकडे, आणि त्याच्या मागे काळोख, एखाद्या दुकानाचे बंद शटर. दिवा थेट लेन्समध्ये येत असेल तर अर्धे पाऊल सरकून तो ठेल्याच्या खांबाआड घाला. मागे उजळ पाटी असेल तर वाफ तिथेच असते, पण दिसत नाही.

पिवळेपणाचे मूळ ऑटो व्हाइट बॅलन्समध्ये, म्हणजे उजेडाचा रंग कॅमेऱ्याने स्वतः ओळखण्यात, आहे. एका ठेल्यावर पांढरा एलईडी, शेजारी पिवळा बल्ब, खाली भट्टीचा लाल जाळ. कॅमेरा दर फोटोला वेगळा अंदाज करतो. केल्विनमध्ये (उजेडाच्या रंगाचे माप) जाऊन ४००० च्या आसपास कायम ठेवा आणि फोटो 'रॉ'मध्ये (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) काढा, म्हणजे नंतर सगळे एकदम सुधारता येतात. पिवळेपणा सगळा काढू नका. जिलेबी पांढऱ्या उजेडात आजारी दिसते.

एफ १.८ बद्दल : शिकाऊंच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या लहान सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या चकतीवर) ५० ची लेन्स एफ १.८ ला, दीड मीटरवर, जेमतेम ६ ते ७ सेंटिमीटर खोली धारदार ठेवते. डोळा साधला तर कान गेला. एफ २.८ ला जा, आयएसओ १६०० चा ३२०० करा. थोडे दाणे दिसतील. दाणेदार फोटो घरात टांगता येतो, फोकस चुकलेला येत नाही. सुरुवात अशी करा : मोड 'एम' (सगळे हाताने ठरवायचे), १/१००, एफ २.८, आयएसओ ३२००, एक फोटो काढून बघा. दिव्याखालची प्लेट पांढरी फटक जात असेल तर आयएसओ खाली आणा.

आणि फ्लॅश बंद. उकळत्या तेलासमोर उभ्या माणसाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणे हे शिष्टाचाराच्या पुढचे, सुरक्षिततेचे प्रकरण आहे. बारा जणांचा गट एका ठेल्याभोवती उभा राहिला तर त्याचे गिऱ्हाईक परत जाते. तिघा-तिघांत फुटा, आधी प्लेट घ्या, विचारा, मग काढा. तेलाचे तुषार मीटरभर उडतात, लेन्सच्या पुढचे हूड लावून ठेवा. घरी आल्यावर लेन्स पुसायचे द्रव कापडावर दोन थेंब घ्या, काचेवर थेट ओतू नका. कडेने आत झिरपते.

प्रश्न : पांढऱ्या फेट्यातल्या आजोबांचा फोटो काढला की फेटा राखाडी येतो. काळ्या चंद्रकळेचा काढला तर चंद्रकळा विटक्या राखाडी रंगाची. — एक वाचक, महू

मीटर प्रत्येक चौकटीला मध्यम करड्या रंगाची समजतो आणि तसाच उजेड देतो. बर्फ असो की कोळसा, त्याला दोन्ही करडेच हवे असतात. चौकटीत पांढरे जास्त असेल तर अधिक-उणेच्या बटणावर +१ करा, काळे जास्त असेल तर -१. पांढऱ्यात सुरकुत्या दिसेनाशा झाल्या तर +०.७ वर या. काम झाले की बटण शून्यावर आणा; हे विसरल्यामुळे दुसऱ्या दिवशीचे सगळे फोटो बिघडतात.

प्रश्न : राजवाड्याचा फोटो काढला की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. रुंद लेन्स घेऊ का? — एक वाचक, स्नेहलतागंज

रुंद लेन्सने आणखी कलंडेल. सात मजली उंची, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी; ती उंची चौकटीत बसवायला आपण कॅमेरा वर करतो, आणि सेन्सर वाकडा झाला की उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. कॅमेरा सरळ ठेवा. पडद्यावर समतोलाची रेषा असते, ती हिरवी होईपर्यंत. मग इमारतीचा माथा कापला जाईल, तर मागे सरका, समोरच्या बागेपर्यंत जा. खाली नको तेवढी जमीन येईल, ती घरी कापून टाका. समोरच्या एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून परवानगी मिळाली तर उत्तमच, कारण तिथून कॅमेरा वर करावा लागत नाही. संगणकावर रेषा उभ्या करता येतात, पण त्यात वरचे दोन्ही कोपरे जातात, म्हणून चारही बाजूंना पाचव्या हिश्शाएवढी जागा सोडून काढा.

इमारतींच्या फोटोचा विषय इंदुरात निघाला की जुने छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचे नाव यावेच, पुढे निजामाने ज्यांना 'राजा' किताब दिला ते. रुडकीला अभियांत्रिकी शिकून ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकांच्या कामाला लागले आणि १८७४ मध्ये त्यांनी इथेच कॅमेरा हाती घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा त्यांना आश्रय होता. ओल्या काचेचा तो जमाना : काचेवर कोलोडियन ओतायचे, चांदीच्या द्रावात बुडवायचे, आणि ती वाळायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून धुवायचाही. जवळच अंधारा तंबू लागे. त्या जातीच्या पेटीकॅमेऱ्यात लेन्सची फळी नुसती वर सरकवता येई, कॅमेरा न झुकवता, म्हणून त्या काळच्या इमारती ओळंब्याने मोजल्यासारख्या उभ्या दिसतात. आज तीच करामत करणाऱ्या लेन्स मिळतात, पण किंमत ऐकून बागेपर्यंत मागे चालत जाणे परवडते.

वेळेबद्दल : सूर्यास्तानंतरची २० ते ३० मिनिटे धरा, आकाश निळे असते आणि दिवे लागलेले असतात. इंदुरात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाला मावळतो, जूनच्या मध्यात सव्वासातच्या सुमाराला. ट्रायपॉड लागेल, तो उघडण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत हाताने फोटो काढू देतात, पण ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते.

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) कॅमेरा न्यावा का? — दोन पत्रे, दोन्ही मल्हारगंजहून

न्यावा, पण जुना, आणि खराब झाला तर चालेल असा. टँकरच्या पाण्यापेक्षा कोरडा गुलाल वाईट : तो झूमच्या फटीतून आत ओढला जातो, कारण झूम लांब-आखूड होताना पंपासारखी हवा खेचते. लेन्स, कार्ड, बॅटरी घरीच बसवा; रस्त्यावर काहीही उघडायचे नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीला लेन्सपुरते भोक पाडा, हुडाभोवती रबरबँडने घट्ट बांधा, पुढे साधा यूव्ही फिल्टर. झूम २४ वर ठेवून चिकटपट्टीने जखडून टाका. ऑटोफोकस बंद, कारण तो हवेतल्या गुलालावरच जाऊन बसतो. फोकस ४ मीटरवर, एफ ८ : लहान सेन्सरवर साधारण २ मीटरपासून पलीकडचे सगळे स्पष्ट येते. शटर १/१०००, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ३२००. गर्दीत उतरण्यापेक्षा एखाद्या गच्चीवर ओळख काढा. गुलालाचा ढग वरूनच नीट दिसतो.

परत आल्यावर पिशवी गच्चीतच काढा. कॅमेरा उलटा धरून रबरी ब्लोअरने उडवा, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. गुलालावर कोरडे कापड फिरवले की काचेवर ओरखडे. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे तुषार जातात. सेन्सरवर डाग दिसले तर सर्व्हिस सेंटरला द्या.

प्रश्न : ऑगस्टमध्ये मांडवाला (मांडूला) नेणार आहेत. पावसात कॅमेऱ्याचे काय? आणि मागच्या पावसाळ्यात लेन्समध्ये जाळ्यासारखे काही दिसले. — एक वाचक, विजयनगर

बस वातानुकूलित असेल तर उतरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि उतरल्यावर २० ते ३० मिनिटे तसाच राहू द्या. थंड काच दमट हवेत आली की आतूनही घाम धरते. छत्री हवी, ती धरणारा सोबती हवा, आणि तीन कोरडी कापडे. धुक्यात मीटर फसतो, +१ ठेवा. जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलावाच्या मधोमध आहे. पाणी भरलेले असले की प्रतिबिंबासाठी कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणा. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला असेल तर तो फिरवून बघा, नको त्या कोनात तो प्रतिबिंबच पुसून टाकतो, शिवाय दीड-दोन स्टॉप उजेड खातो.

ते जाळे बुरशीचे आहे. ओलसर कॅमेरा चामड्याच्या पिशवीत, पिशवी कपाटात, कपाट बंद, हा तिच्या मुक्कामाचा नेहमीचा पत्ता. नुकती धरलेली असेल तर दुरुस्तीवाला लेन्स उघडून साफ करतो. उशीर झाला तर काचेवरचे लेपन खाल्लेले असते, ते परत येत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात आर्द्रतामापक आणि अर्धा किलो सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहू द्या. ३० च्या खाली गेला तर रबर आणि वंगण सुकते. जेल नारिंगी घ्या, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येते. निळ्यात कोबाल्ट असते, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.

प्रश्न : रविवारी संध्याकाळी गडबडीत कार्ड फॉरमॅट केले. शनिवारचे सगळे फोटो त्यावर होते. काही करता येईल? — एक वाचक, अन्नपूर्णा रोड

बहुतेक वेळा येते, मात्र त्यानंतर त्या कार्डावर एकही फोटो काढलेला नसला पाहिजे. साध्या फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, फोटो जागेवरच असतात. नवा फोटो काढला की तो जुन्यावर बसतो. कार्ड कॅमेऱ्यातून काढा, बाजूची खिट्टी 'लॉक'वर सरकवा. कार्डरीडरने संगणकाला जोडा, संगणक 'फॉरमॅट करू का' विचारील, नाही म्हणा. 'फोटोरेक' हा मोफत प्रोग्रॅम चालवा आणि सापडलेले फोटो संगणकावर उतरवा, त्याच कार्डावर नव्हे. ६४ जीबीच्या कार्डाला बराच वेळ लागतो, मधे थांबवू नका. फाइलींची मूळ नावे जातात, पण तारीख-वेळ बहुधा फोटोच्या आत शिल्लक असते. फॉरमॅट करताना 'लो लेव्हल'ची खूण केली असेल तर आशा कमी.

दुरुस्तीच्या दुकानात न्यायचे असेल तरी कार्ड लॉक करूनच न्या, आणि तिथे कॅमेऱ्यात घालून 'बघू' देऊ नका.